डीएपी, पश्चिम सहारा आणि ज्यांना कोणी विचारलंच नाही ते लोक

आमच्याकडं मिरग लागला की पारावर दोनच विषय असतात, पाणी कधी येते आणि डीएपी खत कुठं भेटते. गेली दोनेक वर्षं तर दुसराच विषय जास्त चालतोय. कृषी केंद्रात गेलं की "डीएपी नाही भाऊ, ट्वेंटी-ट्वेंटी खत घेऊन जा" हे ठरलेलं उत्तर, आणि कुठं असलीच तर तिच्यासोबत दुसरं काहीतरी गळ्यात मारतात, त्याला लिंकिंग म्हणतात हे आता लहान पोरालाही माहीत आहे. सरकारनं ५० किलोच्या थैलीचा भाव १३५० रुपये बांधून दिलाय, सबसिडीवर केंद्राचे हजारो कोटी जातात, तरीपण पेरणीच्या तोंडावर कास्तकार गाडी घेऊन मूर्तिजापूर, अकोला, कारंजा फिरत असतो.

मी आमच्या ओळखीच्या दुकानदाराला एकदा विचारलं की हा माल मुळात येतो कुठून. तो म्हणाला, "अकोल्याले रॅक लागते, तिथून आम्हाले कोटा येते, त्याच्या पलीकडचं मले काय माहीत बाप्पा." बरोबर आहे त्याचं, त्याला तरी कोण सांगणार. पण मला ते डोक्यातून गेलं नाही, मग मी वाचत गेलो, आणि वाचता वाचता जिथं पोचलो ती जागा म्हणजे आफ्रिकेच्या वायव्य टोकाला समुद्राला लागून असलेलं एक वाळवंट, ज्याचं नाव आपल्याकडं शंभरातल्या एकानंही ऐकलेलं नसेल. पश्चिम सहारा. आज आफ्रिकेच्या नकाशावर हा एकच मोठा प्रदेश असा उरलाय की जो संयुक्त राष्ट्रांच्या यादीत अजून स्वराज्य न मिळालेला म्हणून नोंदलेला आहे, १९६३ पासून नोंदलेला आहे, आणि त्याचं पुढं काय व्हायचं हे साठ वर्षं झाली तरी ठरत नाहीये. का ठरत नाही हे मला आज लिहायचंय, कारण त्यात खताचा, मासळीचा, गॅसचा आणि मोठ्या देशांच्या दोस्तीचा सगळा हिशेब आहे, आणि त्या हिशेबात थोडासा का होईना आपण पण आहोत.

आधी डीएपीचं सांगतो म्हणजे पुढचं समजेल. डीएपीमध्ये १८ टक्के नत्र आणि ४६ टक्के स्फुरद. स्फुरद येतं रॉक फॉस्फेट नावाच्या दगडातून, त्याच्यावर गंधकाचं आम्ल टाकलं की फॉस्फोरिक ॲसिड तयार होतं, त्यात अमोनिया मिसळला की डीएपी. युरिया गॅसपासून होतो, पण स्फुरदाला दगडच लागतो, दुसरा मार्ग नाही. आपल्याकडं हा दगड राजस्थानात उदयपूरजवळ झामरकोटडा इथं आणि थोडाफार मध्य प्रदेशात आहे, पण एवढ्या मोठ्या देशाला तो पुरत नाही, म्हणून आपण दगड आणतो, ॲसिड आणतो आणि तयार डीएपी पण आणतो. चीननं निर्यातीला लगाम घातला की आपल्या गावात लगेच टंचाई होते ती यामुळंच. सौदीसोबत २०२५ मध्ये पाच वर्षांचा, वर्षाला ३१ लाख टनांचा करार झाला तो पण यामुळंच.

आणि जगात या दगडाचा सगळ्यात मोठा साठा कुणाकडं, तर मोरोक्कोकडं. अमेरिकेच्या भूगर्भ खात्याच्या आकड्यांप्रमाणं जगातल्या साठ्यातला जवळपास ७० टक्के एकट्या त्या देशाच्या नावावर आहे. तिथं ओसीपी नावाची सरकारी मालकीची कंपनी आहे, फॉस्फेटचा सगळा धंदा तिच्या हातात. पण "मोरोक्कोच्या नावावर" या शब्दांत पश्चिम सहाराचा साठा पण धरलेला असतो, आणि तो मोरोक्कोचा आहे असं आंतरराष्ट्रीय कायद्यानं आजपर्यंत कुठंच ठरलेलं नाही.

आता हे झालं कसं. १८८४ पासून तो भाग स्पेनच्या ताब्यात. बरीच वर्षं स्पेनला तिथं किनाऱ्यावरच्या मासळीशिवाय काही दिसत नव्हतं, आत राहणारे सहरावी लोक उंट-शेळ्या घेऊन पावसामागं फिरणारे. १९४७ मध्ये एका स्पॅनिश भूगर्भशास्त्रज्ञाला फॉस्फेट सापडलं, मग साठच्या दशकात बू क्रा या ठिकाणी मोठा साठा नक्की झाला, उघडी खाण सुरू झाली आणि १९७२ मध्ये निर्यात चालू झाली. खाण ते समुद्र साधारण शंभर किलोमीटर, मधे नुसती वाळू, तर त्यांनी रेल्वे न टाकता सरळ कन्व्हेयर बेल्ट टाकला, जगातला सगळ्यात लांब. तो आजही चालतो, एल आयून शहराजवळच्या बंदरापर्यंत जातो, आणि वाऱ्यानं उडालेली पांढरी पूड त्याच्या बाजूनं इतकी पसरलेली आहे की उपग्रहाच्या फोटोत पांढरी रेघ दिसते. कोणीही मोबाईलवर मॅप उघडून पाहू शकतो, मी पाहिली, आणि खरं सांगतो ती रेघ पाहिल्यावर हा विषय माझ्यासाठी पुस्तकातला राहिला नाही.

खाण सुरू झाली आणि सगळं एकदम घाईत आलं. १९७३ मध्ये सहरावी तरुणांनी पोलिसारिओ ही संघटना काढून स्पेनविरुद्ध शस्त्र उचललं. १९७४ मध्ये मोरोक्कोनं आपल्या फॉस्फेटचे भाव काही पटींनी वाढवले, तेलवाल्या देशांनी नुकतंच जे केलं होतं तेच यांनी दगडाचं केलं, आणि शेजारी स्पेनची नवीकोरी खाण त्याच मालात प्रतिस्पर्धी म्हणून उभी होती. त्याच वर्षी स्पेननं शिरगणती केली तर सहरावी भरले पाऊण लाखाच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या लहान तालुक्याएवढे सुद्धा नाहीत. स्पेननं तेव्हा सार्वमत घेऊ असं कबूल केलं होतं. १९७५ च्या मे-जूनमध्ये संयुक्त राष्ट्रांचं पथक तिथं फिरून आलं आणि त्यांनी लिहून दिलं की भेटलेल्या लोकांत स्वातंत्र्याच्या बाजूनं प्रचंड कौल दिसला.

मोरोक्कोचं म्हणणं होतं की स्पेन यायच्या आधी ही जमीन आमच्या सुलतानाचीच होती, आणि हे प्रकरण हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडं गेलं. १६ ऑक्टोबर १९७५ ला न्यायालयानं मत दिलं की काही टोळ्यांचे सुलतानाशी निष्ठेचे संबंध होते हे खरं, पण त्यातून जमिनीवर मालकी सिद्ध होत नाही, आणि तिथल्या लोकांना स्वतःचं भविष्य ठरवायचा हक्क आहे. इथं गोष्ट संपायला पाहिजे होती. पण त्याच दिवशी राजे हसन दुसरे यांनी मोर्चा जाहीर केला आणि ६ नोव्हेंबरला साडेतीन लाख माणसं हातात कुराण आणि झेंडे घेऊन सीमेकडं निघाली, त्याला ग्रीन मार्च म्हणतात. स्पेनमध्ये तेव्हा हुकूमशहा फ्रँको मरणाला टेकलेला, तिथल्या सरकारला वाळवंटासाठी लढाई नको होती. १४ नोव्हेंबरला माद्रिदमध्ये स्पेन, मोरोक्को आणि मॉरिटानिया यांचा करार झाला, प्रदेशाचा कारभार या दोन शेजाऱ्यांना, आणि बू क्राच्या खाणीतला ३५ टक्के हिस्सा स्पेनकडं. तो हिस्सा स्पेननं थेट २००२ पर्यंत ठेवला. सहरावींपैकी एकही माणूस त्या टेबलावर नव्हता. २० नोव्हेंबरला फ्रँको गेला.

मी हा भाग मुद्दाम सविस्तर लिहितोय, कारण लोक म्हणतात अरे तो अरबांचा आपसातला जुना झगडा आहे, टोळ्यांचं भांडण आहे. मला तसं अजिबात वाटत नाही. तीन सरकारं बसली, जमीन वाटली, खाणीचा हिस्सा ठरवला आणि उठली, यात टोळ्यांचा काय संबंध. २००२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे कायदा सल्लागार हान्स कोरेल यांनी स्पष्ट लिहून दिलं की माद्रिद करारानं मालकी कुणाकडंही गेलेली नाही, आणि तिथल्या लोकांची इच्छा व हित डावलून खनिज काढणं पुढं चालू ठेवलं तर ते कायद्याविरुद्ध होईल. ज्याला आपण वावर मक्त्यानं देतो त्यानं ते तिसऱ्याच माणसाला लिहून द्यावं आणि तलाठ्यानं सातबाऱ्यावर नाव चढवावं, असा हा व्यवहार.

पुढचं थोडक्यात. फेब्रुवारी १९७६ मध्ये स्पेन निघून गेला, २७ तारखेला पोलिसारिओनं सहरावी अरब लोकशाही प्रजासत्ताक जाहीर केलं, मॉरिटानिया १९७९ मध्ये बाजूला झाला आणि त्याचाही भाग मोरोक्कोनं घेतला. लढाई १९९१ पर्यंत चालली. मोरोक्कोनं वाळू-दगडाची सुमारे २७०० किलोमीटर लांब भिंत उभी केली, तिच्याकडेला सुरुंग पेरले, खाण, बंदरं आणि मासळीचा किनारा सगळा भिंतीच्या आत. भिंतीबाहेर जे राहिलं ते रेताड पोलिसारिओकडं. आणि पळालेले लोक अल्जिरियात तिंदूफजवळ तंबूत, संयुक्त राष्ट्रांच्या २०१८ च्या अंदाजानं ते पावणेदोन लाखांच्या आसपास आहेत. तिथं आता तिसरी पिढी वाढतेय, पाणी टँकरचं आणि धान्य मदतीचं. टँकरच्या पाण्यावर उन्हाळा काढणाऱ्या आमच्या खारपाणपट्ट्यातल्या माणसाला यातलं अर्धं तरी समजायला पाहिजे, पण आमचा उन्हाळा मिरगाला संपतो, त्यांचा पन्नास वर्षं झाली संपला नाही.

१९९१ ला युद्धबंदी झाली ती या बोलीवर की सार्वमत होईल. मिनुर्सो नावाचं संयुक्त राष्ट्रांचं मिशन तिथं गेलं, १९९२ ला मतदान व्हायचं होतं. मग मतदार कोण यावरून अडलं, मोरोक्कोनं नवीन वस्ती करून आणलेले लोक धरायचे की फक्त १९७४ च्या शिरगणतीतले, यादीवर वर्षं गेली आणि मतदान आजपर्यंत झालं नाही. २००७ मध्ये मोरोक्कोनं स्वायत्ततेचा प्रस्ताव ठेवला, म्हणजे स्थानिक कारभार तुमचा पण देश आमचा. २०२० च्या नोव्हेंबरात युद्धबंदी पण मोडली.

आता इथून खरी सौदेबाजी सुरू होते. १० डिसेंबर २०२० ला ट्रम्प यांनी जाहीर केलं की पश्चिम सहारावर मोरोक्कोचं सार्वभौमत्व अमेरिकेला मान्य आहे, आणि त्याच घोषणेत मोरोक्को इस्रायलशी संबंध सुरू करणार असंही. एकाच्या हातात दिलं, दुसऱ्याच्या हातातून घेतलं, आणि ज्यांची जमीन ते दोघांपैकी कुणीच नाही. मार्च २०२२ मध्ये स्पेननं, जो देश बऱ्याच कायदेपंडितांच्या मते कागदावर अजून त्या भूमीच्या कारभाराला जबाबदार समजला जातो त्यानं, मोरोक्कोचा स्वायत्ततेचा प्रस्तावच सगळ्यात वास्तववादी आहे असं पत्र दिलं. त्याआधी वर्षभर मोरोक्कोशी त्यांचं वाजलेलं होतं, कारण पोलिसारिओच्या प्रमुखाला स्पेननं दवाखान्यात उपचारासाठी येऊ दिलं होतं, आणि मे २०२१ मध्ये हजारो माणसं मोरोक्कोतून पोहत-चालत, मोरोक्कोला लागूनच असलेल्या स्पेनच्या सेउटा शहरात घुसली, तिथले पहारेकरी बघत राहिले. पत्र निघाल्यावर पोलिसारिओच्या पाठीशी असलेला अल्जिरिया चिडला, जूनमध्ये त्यानं स्पेनशी असलेला मैत्री करार स्थगित केला, आणि अल्जिरिया म्हणजे स्पेनला गॅस देणारा मोठा देश. मोरोक्कोमधून स्पेनला जाणारी गॅस पाइपलाइन तर त्यानं २०२१ च्या ऑक्टोबर अखेरीसच बंद केली होती. जुलै २०२४ ला फ्रान्सचे मॅक्रों, जून २०२५ ला ब्रिटन, एकेक जण त्याच बाजूला गेला. आणि ३१ ऑक्टोबर २०२५ ला सुरक्षा परिषदेनं २७९७ नंबरचा ठराव केला, त्यात मोरोक्कोचा प्रस्ताव धरून बोलणी करा असं म्हटलंय. ११ मतं बाजूनं, रशिया, चीन आणि पाकिस्तान तटस्थ, अल्जिरियानं मतदानातच भाग घेतला नाही. ठरावात स्वयंनिर्णयाचा उल्लेख आहे, पण सार्वमताची वाट जवळपास बुजवून टाकल्यासारखीच आहे. मिनुर्सोची मुदत ३१ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवली.

मला यात वाईट वाटतं ते एवढ्यासाठी की प्रत्येक देशाला विचारलं तर कारण मिळतं आणि ते कारण खोटं पण नसतं. स्पेनला स्थलांतराची भीती आहे, मासेमारीची बोटं आहेत. फ्रान्सला कंत्राटं पाहिजेत. मोरोक्कोनं तिथं रस्ते केले, बंदर केलं, पवनचक्क्या लावल्या, खाणीची बरीचशी वीज वाऱ्यावर चालते, तिथं राहणाऱ्या हजारो लोकांचं पोट आता त्याच व्यवस्थेवर आहे, हे सगळं खरं आहे. पण यातल्या कुठल्याच कारणात "तिथल्या लोकांना विचारलं आणि ते हो म्हणाले" हे एक वाक्य नाही.

आणि आपण? भारतानं १ ऑक्टोबर १९८५ ला सहरावी प्रजासत्ताकाला मान्यता दिली होती, राजीव गांधी पंतप्रधान होते, दिल्लीत त्यांचा दूतावास होता. वसाहतवादाविरुद्ध उभं राहणं ही तेव्हा आपली ओळख होती आणि आफ्रिकेतले कितीतरी देश आपल्याकडं त्या नजरेनं बघत. मग २६ जून २००० ला भारतानं ती मान्यता काढून घेतली. आता तारखा एका ओळीत ठेवून बघा. नव्वदीच्या शेवटी मोरोक्कोत जोर्फ लास्फर इथं ओसीपी आणि भारतीय खत कंपन्यांचा फॉस्फोरिक ॲसिडचा संयुक्त कारखाना उभा राहिला. फेब्रुवारी १९९९ मध्ये पंतप्रधान वाजपेयी मोरोक्कोला जाऊन आले. जून २००० मध्ये मान्यता रद्द. २००१ मध्ये तिथले नवे राजे मोहम्मद सहावे भारतात आले. २००२ मध्ये ओडिशातल्या पारादीप फॉस्फेट्स या सरकारी कंपनीचा ७४ टक्के हिस्सा ज्या कंपनीनं घेतला तिच्यात ओसीपी भागीदार. मान्यता खतासाठी काढली असं मी म्हणणार नाही, तशी कबुली मी कुठं वाचलेली नाही, आणि काश्मीरसारख्या विषयात आपल्यालाही मोरोक्कोसारखे मित्र लागतातच. पण ज्याला या तारखांमध्ये काहीच दिसत नाही त्याच्याशी मला वाद घालायचा नाही.

बू क्राचा माल भारताच्या बंदरात उतरल्याच्या नोंदी पण जहाजांवर नजर ठेवणाऱ्या संघटनांनी ठेवलेल्या आहेत. प्रमाण किती म्हणाल तर ओसीपीच्या एकूण उत्पादनात बू क्राचा वाटा लहानच आहे, दहा टक्क्यांच्या आतबाहेर. म्हणजे तुमच्या-माझ्या वावरात पडलेल्या डीएपीत तो दगड असेलच असं नाही, बहुतेक थैल्यांत नसेलही. पण नाहीच असं पण कोणी सांगू शकत नाही, आणि माझा त्रास तोच आहे.

यावर कोणी विचारेल की एवढ्या लांबच्या लोकांची काळजी तुला काहून, तू मूर्तिजापूर तालुक्यात बसून काय करणार. त्याचं उत्तर मी वऱ्हाडाच्या इतिहासातच देईन. १८५३ मध्ये डलहौसीनं निजामाकडं, त्याच्या पैशावर इंग्रजांनी ठेवलेल्या कंटिंजेंट फौजेच्या खर्चाची थकबाकी काढली आणि त्यापोटी वऱ्हाड ताब्यात घेतलं. मालक निजाम, कारभार इंग्रजाचा, आणि इथं राहणारा माणूस या दोघांच्या पत्रव्यवहारात कुठंच नाही. दहा वर्षांत अमेरिकेत यादवी लागली, मँचेस्टरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि एकाएकी आमची काळी जमीन साऱ्या साम्राज्याला प्यारी झाली. रेल्वे १८६७ पर्यंत नागपूरला पोचली, खामगावच्या कापूस बाजारासाठी वेगळा फाटा टाकला त्याच्या उद्घाटनाला १८७० मध्ये खुद्द व्हाईसरॉय लॉर्ड मेयो आला. हैदराबादचे दिवाण सालारजंग वऱ्हाड परत मागत राहिले, १८७६ मध्ये लंडनपर्यंत जाऊन आले, पण एवढी कापसाची जमीन इंग्रज सोडणार होते काय. शेवटी १९०२ मध्ये कर्झननं निजामाकडून वर्षाला २५ लाख रुपयांवर वऱ्हाड कायमचं पट्ट्यानं लिहून घेतलं. १९३६ मध्ये पुन्हा करार, निजामाचं सार्वभौमत्व कागदावर मान्य, त्याच्या मोठ्या मुलाला प्रिन्स ऑफ बेरार ही पदवी, आणि कारभार होता तसाच.

आमची शकुंतला गाडी, जिचे रूळ अजून पराटीच्या वावराच्या कडेनं दिसतात, ती सुद्धा इंग्रज कंपनीनं कापूस वाहून न्यायलाच टाकलेली. बू क्राचा बेल्ट आणि आमचा रूळ दोन्ही एकाच दिशेला जातात, खाणीकडून किंवा वावरातून बंदराकडं. त्या बाजूनं माल जातो, आणि भविष्य काय हे बंदराच्या पलीकडं ठरतं. आम्ही सुटलो, १९४७ नंतर आम्हाला मत मिळालं, आज आमदार-खासदाराला शिव्या द्यायचा तरी आम्हाला हक्क आहे. सहरावींना तेवढं पण मिळालेलं नाही. म्हणून मला त्यांची काळजी आहे.

आणि करण्यासारखं काहीच नाही असं मला वाटत नाही, कारण काही लोकांनी करून दाखवलंय. मे २०१७ मध्ये एनएम चेरी ब्लॉसम नावाचं जहाज बू क्राचं चोपन्न हजार टनांच्या आसपास फॉस्फेट घेऊन न्यूझीलंडला चाललं होतं, वाटेत दक्षिण आफ्रिकेच्या पोर्ट एलिझाबेथला थांबलं आणि सहरावींनी तिथल्या कोर्टातून ते अडकवलं. ओसीपीनं दक्षिण आफ्रिकेच्या कोर्टाला तुमचा यात अधिकारच नाही म्हणत खटल्यातून अंग काढलं, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये कोर्टानं निकाल दिला की हा माल सहरावींच्या मालकीचा. नंतर त्या मालाला लिलावात गिऱ्हाईक मिळालं नाही आणि वर्षभर अडकून पडलेलं जहाज शेवटी सुटून गेलं, हे पण सांगायला पाहिजे. पण एका गरीब निर्वासित जमातीनं जगातल्या सगळ्यात मोठ्या फॉस्फेट कंपनीचा माल वर्षभर धरून ठेवला, आणि त्यानंतर बऱ्याच जहाजांनी तो रस्ताच टाळायला सुरुवात केली.

दुसरी गोष्ट शेतकऱ्यांनी केलेली आहे, आणि ती मला सगळ्यात जास्त आवडते. फ्रान्समध्ये कॉन्फेदेरासिओं पेझान नावाची शेतकरी संघटना आहे. त्यांचं म्हणणं होतं की पश्चिम सहारात दाखला नावाच्या शहराच्या भागात पिकवलेले खरबूज आणि चेरी टोमॅटो आमच्या बाजारात "मोरोक्को" असं लेबल लावून विकले जातात, ते खोटं आहे. प्रकरण युरोपियन युनियनच्या न्यायालयात गेलं. ४ ऑक्टोबर २०२४ ला न्यायालयानं सांगितलं की लेबलवर मूळ ठिकाण म्हणून पश्चिम सहाराच लिहायला पाहिजे. त्याच दिवशी त्याच न्यायालयानं मोरोक्कोसोबतचे शेतमाल आणि मासेमारीचे २०१९ चे करार पश्चिम सहाराच्या बाबतीत रद्द ठरवले, आणि कारण काय दिलं, तर तिथल्या लोकांची संमती घेतलेली नाही. युरोपियन कमिशननं म्हटलं होतं की आम्ही तिथल्या रहिवाशांशी सल्लामसलत केली, त्यांना फायदा होतो. न्यायालय म्हणालं की आज तिथं राहणारे लोक वेगळे, आणि ज्यांचा स्वयंनिर्णयाचा हक्क आहे ते सहरावी लोक वेगळे, त्यातले बरेच तर बाहेर तंबूत आहेत.

हे वाचलं तेव्हा मला खरंच भरून आलं, कोर्टाच्या निकालावर कधी असं होत नाही. कारण कर्झनपासून आतापर्यंत सगळे हेच सांगत आलेत की लोकांचा फायदा होतोय ना, मग विचारायचं कशाला.

युरोपनं नंतर काय केलं ते पण माहीत असावं. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यांनी मोरोक्कोसोबत नवीन दुरुस्ती केली आणि त्यात लेबलवर पश्चिम सहाराऐवजी मोरोक्कोनं पाडलेल्या प्रांतांची नावं लिहायची सोय करून घेतली. वाट बंद केली की दुसरी काढतात. पण फ्रान्समधल्या शेतकऱ्यांच्या त्या प्रश्नामुळं त्यांना वाट काढावी लागली, हे काय कमी आहे.

आपल्याकडं २०२२ च्या ऑक्टोबरपासून सगळ्या कंपन्यांची थैली एकच झाली, मोठ्या अक्षरात "भारत डीएपी". आयात केलेली असेल तर देशाचं नाव असतं, आणि इथं कारखान्यात तयार झालेली असेल तर दगड कुठला हे तिच्यावर कुठंच नसतं. खत नियंत्रण आदेशात नत्र किती, स्फुरद किती, ओलावा किती, सगळं दशांशात लिहायला लावतात. त्यात अजून एक ओळ घालायला सरकारला काही अवघड नाही, रॉक फॉस्फेट कुठल्या देशातून आणि कुठल्या खाणीतून आलं एवढीच. मी डीएपी टाकू नका असं कुणालाच म्हणणार नाही, हरभऱ्याला बुडात स्फुरद लागतंच आणि आपल्या जमिनीत ते पुरेसं नाही, आणि थैलीमागं पळणाऱ्या कास्तकाराच्या डोक्यावर अजून एक ओझं मला ठेवायचं नाही. ओझं आयात करणाऱ्यांवर आहे. जहाज भरताना त्यांना खाण माहीत असते, बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे जहाजात माल चढवल्याच्या पावतीवर, बंदराचं नाव असतं, एल आयून लिहिलेलं असेल तर ते त्यांना वाचता येतं.

अकोल्यात खताच्या टंचाईवर निवेदन द्यायला आपण दरवर्षी जातो. यावर्षीच्या निवेदनात लिंकिंग बंद करा, कोटा वाढवा याच्या खाली ही मागणी पण मी टाकणार आहे, गावातल्या दोघा-तिघांनी सही करतो म्हटलंय, आजूबाजूच्या गावातल्या कुणाला करायची असेल तर कमेंटमध्ये सांगा.